सूचीतला चौथा चौकोन

बाई,

तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. आधी कच्चं लिहून काढलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगते, कारण तुम्ही रजेचा अर्जसुद्धा कच्चा लिहून आणायला लावायचा आणि पक्क्यात खाडाखोड दिसली की तसाच परत द्यायचा. या पत्रात खाडाखोड असणार आहे. लिहायचं कारण एक नकाशा आहे. तो मी काढला आहे, ऑफिसात मोठ्या पडद्यावर लागतो, आणि आजवर पन्नास-साठ जणांनी तरी पाहिला असेल. सगळे रंग बघतात. उजव्या कोपऱ्यात खाली, जिथे सूची असते, तिथे आधी नजर टाकणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. वहीतला नकाशा हातात घेतला की तुमचं बोट थेट तिकडे जायचं. सूची नसेल तर नकाशा कितीही देखणा असो, तुम्ही त्यावर लाल पेन्सिलीने एवढंच लिहायचा, "हे काय आहे?" म्हसवडच्या शाळेत आमच्या वर्गातल्या एकाने त्या शेऱ्याखाली "महाराष्ट्र" असं उत्तर लिहून वही परत दिली होती आणि मग दिवसभर वर्गाबाहेर उभं राहून महाराष्ट्र बघितला होता.

मी सांगलीत एका खाजगी दूध कंपनीत अहवाल करते. पूर्वी अहवाल लिहायचे, आता रंगवतात. एक सॉफ्टवेअर आहे, त्यात आकडे ओतले की खांब उभे राहतात, वर्तुळं फुटतात, बाण वर जातात, आणि ज्याला महिनाभर काय चाललंय ते कळलेलं नसतं त्यालाही मान हलवता येते. सांगलीत सध्या हळदीच्या खालोखाल डॅशबोर्डचाच व्यापार असावा. या सॉफ्टवेअरला जगाचा नकाशा पाठ आहे. देश माहीत, राज्यं माहीत, सातारा आणि सांगली हे दोन जिल्हेही माहीत. पण आमची कंपनी जिल्ह्यांत राहत नाही, ती स्वतःच्या विभागांत राहते. दुधाची गाडी सकाळी जिथून निघते आणि जेवढी गावं फिरून येते तेवढा एक विभाग. त्यामुळे आमचा एक विभाग म्हसवडवरून निघून जिल्ह्याची हद्द ओलांडून आटपाडीकडे जातो, दुसरा शिराळ्यापासून वारणेच्या कडेकडेने, आणि एक कोयनानगरच्याही वर, धरणाच्या पाण्याभोवती डोंगराला चिकटून असलेल्या गावांचा. गाडीला सरकारी हद्द कळत नाही, तिला रस्ता कळतो. मालकांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणतो, पुण्याहून शिकून आले आणि म्हणाले, आपल्या विभागांचा आपला नकाशा पाहिजे. तयार मिळत नव्हता. मग तो मी काढला.

गावांच्या सीमांची फाईल मिळवली. एकेक गाव उचलून त्याच्या विभागाच्या पोटात घातलं, गावांमधल्या रेघा पुसल्या आणि बाहेरची तेवढी ठेवली. असे अकरा तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक आकड्यांच्या तक्त्यात टाकला, म्हणजे कुठला आकडा कुठल्या तुकड्यात भरायचा ते सॉफ्टवेअरला कळतं. दोन महिने हेच काम केलं आणि बाई, त्या दोन महिन्यांत मला सारखा भज्यांचा वास येत होता. रविवार सकाळ, तुमचं स्वयंपाकघर, आम्ही चौघीजणी फरशीवर पालथ्या. ट्रेसिंगचा कागद म्हसवडात मिळायचा नाही, म्हणून तुम्ही साध्या पातळ कागदावर तळणीचं उरलेलं तेल कापसाने चोळायचा, स्टोव्हच्या उबेला क्षणभर धरायचा, की कागद काचेसारखा व्हायचा. खाली पुस्तकातला सातारा जिल्हा, वर तो कागद, हातात टोक काढलेली पेन्सिल. बाजूला हुलग्याचं माडगं शिजतंय, तुम्ही एका हाताने ते ढवळता आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा मागे ओढता, कारण मी घाई करते आहे. मी विचारते, "बाई, एवढं एक वळण सरळ केलं तर कुणाला कळणार आहे?" तुम्ही पळीवरचं माडगं चाटून बघता, मीठ टाकता आणि म्हणता, "त्या वळणावर ज्याचं घर आहे त्याला."

माझ्या सॉफ्टवेअरात हद्द सोपी करायची एक पट्टी असते. सरकवली की वळणं सरळ होतात आणि फाईल हलकी होते. मी ती सरकवली. काही घरं शेजारच्या विभागात गेली असतील. कुणी तक्रार केली नाही.

नकाशा पहिल्यांदा लागला तेव्हा मालक उठून पडद्याजवळ गेले होते. मालक म्हणजे जुने, धोतरातून सफारीत आलेले, जैन, दूध स्वतःच्या जिभेने ओळखणारे. त्यांनी आपल्या गावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आमचं. बरोबर आलंय." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंनी डोकं लावलंय." एवढंच. पण तीस वर्षं नोकरी करून मला हे वाक्य पहिल्यांदा मिळालं होतं आणि ते मी पुढचे कित्येक दिवस खिशातल्या शेंगदाण्यासारखं अधूनमधून तोंडात टाकत होते. जास्त दूध असेल तिथे हिरवा, मध्यम तिथे पिवळा, कमी असेल तिथे लाल. खाली कोपऱ्यात सूची. तीन चौकोन.

तुमच्या सूचीत नेहमी चार असायचे. पावसाच्या नकाशात गडद निळा, फिका निळा, पांढरट निळा, आणि शेवटी एक कोरा चौकोन, त्यापुढे "माहिती उपलब्ध नाही". आम्हाला तो चौकोन फुकट वाटायचा, कारण त्यात काही रंगवायचंच नसायचं.

आता अडचण काय झाली ते सांगते. आमच्या प्रत्येक संकलन केंद्रावर एक मोबाईल दिलेला आहे. दूध मोजून झालं की केंद्रावरच्या माणसाने त्यात आकडा भरायचा, तो थेट सांगलीत येतो आणि नकाशात उतरतो. कोयनेच्या वरच्या गावांत पावसाळ्यात रेंज जाते. एक-दोन दिवस नाही, महिना-महिना. मग तिथली माणसं जुन्या पद्धतीने वहीत लिहितात, दोन प्रतींत, आणि एक प्रत छोट्या गाडीचा ड्रायव्हर खाली आणतो. दरड पडली तर वही आणखी उशिरा येते. दूध मात्र रोज येतं. छोटी गाडी ते खाली फाट्यावर आणते, तिथे ते मोठ्या टँकरमध्ये बाकीच्या दुधात मिसळतं, आणि पुढे ते कुठल्या डोंगरावरून आलं हे दुधावर लिहिलेलं नसतं.

जुलैचा नकाशा केला तेव्हा तो वरचा तुकडा कोरा राहिला. सॉफ्टवेअरने काही चूक केली नव्हती. त्याच्याकडे आकडा नव्हता, म्हणून त्याने रंग दिला नाही. तुम्ही त्याला शाबासकी दिली असती.

धाकटे साहेब म्हणाले, "मॅडम, मध्येच हे व्हाईट काय आहे?"

"आकडे आलेले नाहीत, साहेब. तिकडे रेंज नाही. वही येईल आठ-दहा दिवसांत."

"पण बघायला कसं दिसतंय? दात पडल्यासारखं."

"मग खाली सूचीत एक चौकोन वाढवते. माहिती उपलब्ध नाही असा."

"नको नको. चार-चार चौकोन कोण वाचतंय? झिरो दाखवा ना. डेटा आला की आपोआप बदलेल."

आपोआप हा शब्द आमच्या ऑफिसात फार चालतो. ज्या कामाची जबाबदारी कुणालाच नको असते ते आपोआप होतं. सॉफ्टवेअरात एक बारीकसा पर्याय असतो, आकडा नसेल तिथे शून्य समजा. त्यावर टिचकी मारायची. मी मारली. आणि शून्य म्हणजे सगळ्यांत कमी, म्हणून कोरा तुकडा लालभडक झाला. त्यात धरणाचं पाणीसुद्धा त्याच विभागात धरलेलं, कारण ते वेगळं काढायचा मला कंटाळा आला होता. त्यामुळे ज्या विभागात सगळ्यांत कमी माणसं राहतात तो नकाशावर सगळ्यांत मोठा लाल डाग झाला. अर्धा डाग तर नुसतं पाणी. पण पडद्यावर लाल दिसलं की माणूस पाणी आणि म्हशी वेगळ्या करत बसत नाही.

तुम्हाला इथे काय आठवेल ते मला माहीत आहे. आठवीत असताना तुम्ही एकदा चार दिवसांसाठी मला पर्जन्यमापकाची किल्ली दिली होती. शाळेच्या मागे, झेंड्याच्या खांबापलीकडे, तारेच्या कुंपणात तो पत्र्याचा डबा. सकाळी साडेआठला कुंपण उघडायचं, आतली बाटली काढायची, काचेच्या मापात पाणी ओतून आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा. महिन्याच्या शेवटी ती नोंद दहिवडीला तालुक्याच्या कचेरीत जायची. कोरड्या दिवशीसुद्धा तुम्ही जायचाच. जाऊन बघून ०.० लिहायचा. आणि जेव्हा आजारी असाल, गावाला गेला असाल, तेव्हा त्या दिवसापुढे एक आडवी रेघ. मी एकदा म्हटलं, "पाऊस तर पडलाच नव्हता, बाई, मग शून्य का नाही?" तुम्ही म्हणालात, "मी बघितलं कुठे?" मला तेव्हा ते तुमचं खूळ वाटलं. दुष्काळी माण तालुक्यातल्या पावसाला बघायला काय जायचं, तो नसतोच, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे.

मग तुमच्या भावाचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही चार दिवस साताऱ्याला गेलात आणि किल्ली माझ्या हातात आली. भाद्रपद संपत आलेला. चार दिवसांनी तुम्ही आलात, नोंदवही उघडलीत, चार शून्यं बघितलीत, एका शाईची, एका ओळीत बसलेली, आणि तशाच शाळेच्या मागे गेलात. डब्यात पाणी होतं. तुम्ही ते मापात ओतून उजेडाला धरलंत आणि मला विचारलंत, "हा कुठल्या वारचा गं?" मग विचारलंत, "रोज बघितलंस का?" मी मान हलवली, नाही. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "पाऊस पडला नाही तर मला काही वाटत नाही. पण तू न बघताच त्याला नाही म्हणालीस." मग माझ्याकडून चारही शून्यं खोडून घेतलीत, चार रेघा मारायला लावल्या आणि शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहायला लावलंत, "नोंद घेतली नाही." तो कागद तसाच दहिवडीला गेला. त्या रविवारी मी स्वयंपाकघरात आले नाही, तर तुम्ही डब्यातून माडगं पाठवलंत, वर लसणाची चटणी.

दहावी झाल्यावर मी कराडला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला ते जुनं काचेचं माप दिलंत. शाळेला नवं आलं होतं, याच्या काठाचा टवका उडाला होता. "तुझ्याकडे राहू दे," एवढंच म्हणालात. ते अजून आहे. ऑफिसात टेबलावर असतं, त्यात मी पेनं ठेवते. धाकट्या साहेबांना वाटतं ते फॅट तपासायचं काहीतरी आहे.

ऑगस्टलाही तोच तुकडा लाल. जुलैची वही ऑगस्टात आली, मी ती भरली, पण जुलैचा नकाशा तोवर छापून फाईलला लागला होता आणि मागच्या महिन्याचा नकाशा पुन्हा उघडून बघायची पद्धत आमच्याकडे नाही. सप्टेंबरची बैठक ऑक्टोबरात होती. तिच्या आदल्या दिवशी दुपारी छोट्या गाडीचा ड्रायव्हर आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, तिला डोंगराची ओल. "ताई, दरडीमुळं उशीर झाला बघा. ह्ये आगस्टचं आन् सप्टेंबरचं." मी उघडली. ओळीने आकडे होते, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस चुकला नव्हता. पावसात वैरण वाढते, दूधही चांगलं होतं. ते भरायला मला दोन तास लागले असते. नकाशा सकाळीच साहेबांना गेला होता, त्यांनी "परफेक्ट" असं उत्तर पाठवलं होतं, आणि आता पुन्हा उघडायचा, बदलायचा, का बदलला ते सांगायचं, मग दोन महिने चुकीचा होता हेही निघणार. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. उद्या बैठक झाली की भरू, असं ठरवलं.

आमची बैठक चारला सुरू होते आणि सूर्य मावळायच्या आधी संपते. मालक दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, त्यामुळे साडेपाचनंतर त्यांचं लक्ष घड्याळाकडे नसतं, खिडकीकडे असतं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि अवघड विषय मुद्दाम शेवटी ठेवायची आमच्यात कला आहे. कोयनेचा तुकडा शेवटी आला. धाकटे साहेब म्हणाले, "अप्पर कोयना, तीन महिने झिरो. गाडी रिकामी फिरतेय. बंद करू या."

मालकांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, आकडा नक्की ना?"

मला विचारलं होतं, बाई. सगळ्यांसमोर, थेट. ड्रायव्हरला माहीत होतं, फाट्यावरच्या टँकरवाल्याला माहीत होतं, पण ते बैठकीला नसतात. बैठकीला असलेल्यांपैकी जिला माहीत होतं तिच्याकडे मालक बघत होते. माझ्या मागच्या टेबलावर पुण्याहून आलेली दोन पोरं बसतात, माझ्या निम्म्या वयाची, हेच सॉफ्टवेअर डोळे मिटून चालवणारी. आणि "बाईंनी डोकं लावलंय" हे वाक्य अजून तोंडात होतं. मी म्हणाले, "तिन्ही नकाशांत शून्यच आहे, साहेब."

वाक्य खरं होतं. मी ते घरी जाऊन अनेकदा तपासलं, त्यात एक शब्द खोटा नाही. मालक खिडकीकडे बघत उठले. "मग ठेवून काय करता," म्हणाले.

दिवाळीनंतर आठवड्याने एक बाई ऑफिसात आल्या. साठीच्या, काष्टा घातलेल्या, पायात रबरी चपला, हातात पिशवी. वरच्या गावातल्या केंद्रावरच्या मावशी. पहाटे निघून जीप आणि दोन एसट्या करून आल्या होत्या. खालच्या माणसाने त्यांना "आकड्यांच्या मॅडमकडे" म्हणून माझ्याकडे पाठवलं.

"ताई, गाडी बंद केलीसा म्हनं. आमचा आकडा शून्य हाय म्हनत्यात." त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, टेकल्या. पिशवीतून वही काढली. "ही आमच्याकडची परत. पयली ड्रायवरच्या हातात दिली हुती. बघा तुमी. शून्य कुठं दिसतंय का त्ये मला बी दावा."

मी वही बघितली. माझ्या गुडघ्यापाशी, ड्रॉवरमध्ये, तीच वही होती.

"तिकडे रेंज नव्हती ना, मावशी."

"रेंज न्हाई म्हंजी म्हशी बी न्हाईत व्हय?" त्या हसल्या. दोन दात पडलेले. "भूकंपाचा हादरा बसला तवा बी गाडी आली हुती ताई. पत्रं हालत हुतं आन् आमी दूध घालत हुतो." मग त्यांची नजर पडद्यावर गेली. तो बंद करायचा राहून गेला होता. "ह्यो काय, आपला मुलुख?"

"हो. हे सगळे विभाग."

"आन् आमी कुठं?"

मी बोट दाखवलं. त्या उठून जवळ गेल्या, पदराने हात पुसला आणि लाल डागाच्या मधोमध बोट ठेवलं. "आवं, हितं तर पानी हाय. पान्याला बी लाल केलंय." मग बोट डागाच्या कडेकडेने फिरवलं. "एवढं मोठं दिसतो व्हय आमी. लय मोठं केलंसा आमास्नी, ताई."

मी चहा मागवला. वर बोलते म्हणाले. त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "असू द्या तुमच्याजवळ, लागंल," म्हणाल्या आणि परतीची एसटी धरायला गेल्या. तेव्हापासून माझ्याकडे एकाच खऱ्याच्या दोन प्रती आहेत.

बोलले मी, पण कसं ते ऐका. धाकट्या साहेबांना म्हणाले, "कोयनेचे काही आकडे उशिरा आलेत, एकदा बघायला हवं." उशिरा आलेत. मी ड्रॉवरमध्ये ठेवलेत असं नाही म्हणाले. ते म्हणाले, "ओके, नेक्स्ट क्वार्टरला घेऊ." मीही ओके म्हणाले. तुम्ही असता तर दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तीन महिने गेले आणि माघात एका रविवारी मी घरी न सांगता निघाले. कराड, मग कोयनानगर, मग वडापची जीप. मावशी अंगणात वाल सोलत होत्या. केंद्राची खोली उघडीच होती, आत कॅन उपडे घालून ठेवलेले, मोबाईल खिळ्याला टांगलेला. गोठ्यात एक शेळी.

"दूध कुटं घालायचं वो? खाली नेस्तोवर नासतंय. मग एकानं इकली, मग दुसऱ्यानं. मी बी इकली दोन. एक ऱ्हायली हुती, ती लेकीनं नेली कराडला. मला बी चल म्हनतीय."

"मावशी, मी प्रयत्न करते. गाडी पुन्हा सुरू करता येईल."

त्यांनी वालाची साल सुपात टाकली. "आता गाडी पाठवून काय करता, ताई? भरायचं काय तीत? धुकं?" मग माझ्याकडे बघून, राग नाही, थट्टाही नाही, मीठ कमी आहे का जास्त ते सांगावं तशा म्हणाल्या, "तुमच्या नकाशात आमचा रंग आता बराबर झाला म्हना."

मी जेवून निघाले. त्यांनी वाल केले होते. रस्ताभर खाली पाणी दिसत होतं, निळं, जसं तुमच्या नकाशात असायचं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. वहीतले सगळे आकडे भरले, तारखेवार, आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तिन्ही नकाशे पुन्हा काढले. वरचा तुकडा हिरवा आला. पाणी वेगळं काढलं, हद्दीची पट्टी मागे सरकवून सगळी वळणं परत आणली आणि सूचीत चौथा चौकोन घातला. मग ते नकाशे धाकट्या साहेबांना पाठवले. त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. उघडले नव्हते, ते दिसतं मला. मालकांना मी सांगितलेलं नाही. रोज ठरवते. ते अजून बैठकीत मला बाई म्हणतात आणि आकडा नक्की ना असं विचारत नाहीत, विश्वास आहे त्यांचा.

काल धाकटे साहेब म्हणाले, "तो अप्पर कोयनाचा पीस काढून टाका, मॅडम. विभागच नाही तर नकाशात कशाला?" सोमवारपर्यंत काढायचा आहे. दोन टिचक्यांचं काम. म्हणून हे पत्र. मी संध्याकाळभर तो तुकडा उघडून बसले आहे. आधी वाटलं कोरा ठेवावा, चौथा चौकोन कुणासाठी तरी उपयोगी पडेल. मग लक्षात आलं की कोरा ठेवला तर तेही खोटं. माहिती उपलब्ध आहे. मी जाऊन बघून आले आहे. तिथे आता शून्यच लिहायला पाहिजे, आणि माझ्या अख्ख्या नोकरीतलं हे बहुधा पहिलं नियमात बसणारं शून्य.

पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक राहिलेलं सांगून टाकते. त्या चार दिवसांत मी डब्याकडे गेले नव्हते असं तुम्हाला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं, कारण आळशी म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं होतं. चार शून्यं मी पहिल्याच दिवशी लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उगीच गेले, कुंपण उघडलं, तर बाटलीत पाणी. रात्री सर येऊन गेली होती आणि घरात कुणाला कळलंही नव्हतं. वहीत शून्य होतं आणि पक्क्यात खाडाखोड तुम्हाला चालत नव्हती. मी ते पाणी मापात ओतलं, तुम्ही धरता तसं उजेडाला धरलं, आकडा वाचला आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतून दिलं. तुम्हाला सापडलं ते नंतरचं होतं. तेव्हा दुसऱ्या दिवसापुढची ती रेघ खोडा, बाई. नोंद घेतली होती. सहा पूर्णांक चार मिलिमीटर.